नांव कोणाचें, हात कोणाचा?

(विलेपार्लें गांवठाणांत रविवारीं सायंकाळीं झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज येथें जमलेल्या मंडळींत सुतार आहेत, लोहार आहेत, गवंडी, शिंपी, कुंभार आहेत, आणि गांवाकडे चार गुंठे जमीन ठेवून पोटासाठीं मुंबईस आलेले शेतकरीहि आहेत. तुमच्यापुढें आम्ही वस्तुसंग्रहालयें, चित्रप्रदर्शनें आणि जुनीं लेणीं ह्या विषयावर बोलणार, हें ऐकून एका गृहस्थांनीं आम्हांला वाटेंतच गांठलें. ते म्हणाले, "अहो, हें श्रीमंतांचें आणि शिकलेल्यांचें वेड. आमच्या लोकांना त्याचा काय उपयोग? लेणें पाहावयास गेलें कीं एका दिवसाचा रोज बुडाला!" प्रश्न रोकडा आहे. तेव्हां उत्तरहि रोकडेंच दिलें पाहिजे, आणि तें दिल्याशिवाय आम्ही आज खालीं बसणार नाहीं.

पण आधीं एक गोष्ट कबूल करूं. आपले लोक अशा ठिकाणीं जात नाहींत, त्याचें कारण नुसता रोज नव्हे. दुसरें कारण आहे, तें कोणी बोलून दाखवीत नाहीं. तें कारण म्हणजे संकोच. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही चारपांच सोबत्यांना घेऊन शहरांतल्या एका चित्रप्रदर्शनाला गेलों होतों. कोणत्या, तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रवेश सर्वांना खुला होता. दारावरच्या माणसानें आमच्या चपलांकडे पाहिलें आणि सांगितलें, "सामानाचें दार मागच्या बाजूला आहे." आमच्यांत एक सुतार होता. तो हंसून म्हणाला, "ठाऊक आहे. आंतल्या चौकटी मीच केल्या आहेत. त्या मागच्या दारानेंच आंत नेल्या होत्या."

आम्ही पुढच्या दारानेंच आंत गेलों. प्रत्येक चित्राखालीं चित्रकाराचें नांव होतें. तें योग्यच होतें. भिंतीवर पैसा देणारांचीं नांवें होतीं, तींहि असोत. चौकटीखालीं मात्र कोणाचेंच नांव नव्हतें. आपला सुतार आपल्याच चौकटीपुढें हात मागें बांधून परक्यासारखा उभा राहिला. चौकटीवर सुताराचें नांव घाला, असा आमचा हट्ट नाहीं. पण त्या दिवसापासून आम्हांला एक खोड लागली. कोठेंहि गेलों, लेणें असो, किल्ला असो, कांचेच्या कपाटांतलें भांडें असो, आम्ही तीन प्रश्न विचारतों. हें कोणाच्या हातानें झालें? कोणत्या हत्यारानें झालें? आणि त्याचा पैसा कोणीं दिला? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधतां शोधतां आम्हांला जें सांपडलें, तेंच आज तुमच्यापुढें ठेवतों.

घरापासूनच सुरुवात करूं. पार्ल्याला सर्वांत जवळचीं लेणीं कोणतीं, असें विचारलें तर आपल्यापैकीं निम्म्यांना सांगतां यावयाचें नाहीं. अंधेरीच्या पूर्वेस महाकाली रोडनें जा. तेथें कोंडिविट्याचीं लेणीं आहेत. जवळच्या देवीच्या देवळावरून त्यांना महाकालीचीं लेणीं म्हणतात. एकंदर 19 लेणीं आहेत. त्यांतल्या नवव्या लेण्यांत एक लांबट दालन आहे, त्याच्या शेवटीं वाटोळी खोली, आणि त्या खोलींत स्तूप. खोलीच्या भिंतीला दगडांतच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत. आमचा सुतार त्या जाळीपुढें बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हा दगडांत काम करणारा माणूस लांकूड जाणणारा आहे. अशी जाळी दगडांत सुचत नाहीं, लांकडांत सुचते." ज्यांनीं ह्या विषयावर ग्रंथ लिहिले त्या विद्वानांचेंहि म्हणणें तेंच आहे, कीं आधीं ह्या देशांत लांकडाचीं घरें आणि मंदिरें झालीं, आणि मग त्यांची बांधणी पाथरवटानें दगडांत उतरविली. विद्वानांना जें पुष्कळ वाचून कळलें तें आमच्या सुताराला आपल्या रंध्या-पटाशीच्या ओळखीवरून कळलें. सांगा, लेणें पाहण्याचा अधिकार कोणाचा अधिक?

आतां आपल्याकडे एक म्हणणें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे, कीं हीं लेणीं पांडवांनीं एका रात्रींत कोरलीं. आजीनें नातवाला सांगावयास गोष्ट चांगली आहे. पण मोठ्या माणसानें ती खरी मानणें म्हणजे शेंकडों पाथरवटांची वर्षानुवर्षांची मजुरी बुडविणें होय! टांकीचे घाव भिंतीवर अजून दिसतात. लेणें माथ्यापासून खालीं कोरीत आणतात, म्हणजे पराती बांधाव्या लागत नाहींत. हें ज्याला सुचलें तो कोणी देव नव्हता, अनुभवी मिस्त्री होता. बोरिवलीजवळ कान्हेरीला जाल तेव्हां पहिल्या क्रमांकाचें लेणें आधीं पाहा. तें अपुरें राहिलेलें आहे. पुष्कळ लोक 'अपुरें आहे' म्हणून त्याच्यावरून पुढें निघून जातात. कारागिरानें तेथेंच थांबावें. पुरें झालेलें काम आपली कृति लपवितें. अपुरें काम ती उघडी करून दाखवितें.

कान्हेरी हें नांव आलेंच आहे, तर तेथें जरा बसूं. पार्ल्याहून बोरिवलीची लोकल, आणि तेथून राष्ट्रीय उद्यानाच्या आंत डोंगराकडे. शंभराहून अधिक लेणीं त्या डोंगरांत आहेत. सुमारें हजार वर्षें तेथें माणसांची राहती वस्ती होती. शेतकऱ्यानें तेथें मूर्तींच्या आधीं पाणी पाहावें. डोंगरावर पडलेला पाऊस खडकांत खोदलेल्या चरांनीं अडवून, वळवून, लेण्यालेण्याच्या टांक्यांत कसा नेला आहे, तें पाहावें. ज्याच्या गांवाला चैत्रांत टँकर येतो त्याला त्या टांक्यांपुढें पुष्कळ कांहीं सुचेल.

त्या लेण्यांच्या भिंतींवर लेख आहेत. लिपि ब्राह्मी. ती वाचतां येईनाशी झाली होती, ती 1837 सालीं जेम्स प्रिन्सेप ह्यानें उलगडली. बहुतेक जुन्या लेखांची भाषा प्राकृत आहे, म्हणजे सामान्य लोकांच्या बोलीला जवळची. त्यांतला 'लेण' हा शब्द अजून तुमच्या आमच्या तोंडीं आहे. आणि त्या लेखांत कोणाचीं नांवें आहेत? नुसत्या राजांचीं काय? ऐका. कल्याणचा सोनार सामिदत्त ह्यानें पाण्याची पोढी, म्हणजे टांकें, दान दिलें. कल्याणचाच लोहार नंद ह्यानें पायवाट दान दिली. सोनार आणि लोहार! त्यांनीं नांव दिलें, गांव दिलें, धंदा दिला. धंदा सांगण्याची त्यांना लाज वाटली नाहीं. उलट नांवाला चिकटून तो कोरून घेतला. आणि दिलें काय? तहानलेल्यासाठीं पाणी, आणि चालणाऱ्यासाठीं वाट.

हें एकट्या कान्हेरीचें नाहीं. लोणावळ्याजवळ कार्ल्याचें मोठें चैत्यगृह आहे. त्याच्या दाराच्या कामावर धेनुकाकटच्या एका सुताराचें नांव कोरलेलें आहे: वेणुवासाचा मुलगा सामि, धंदा 'वढकी', म्हणजे सुतार. बापाचें नांव, स्वतःचें नांव, गांव आणि धंदा, सगळें आहे. पुढें तळेगांवाकडे शेलारवाडीचीं लेणीं आहेत. तेथल्या लेखांत आमच्या भगिनींनीं नीट ध्यानांत ठेवावें असें एक नांव आहे: सिअगुतणिका. ही कोण? हालकीय कुटुंबिक, म्हणजे नांगर धरणारा गृहस्थ, त्याची ही बायको. मुलाला बरोबर घेऊन तिनें लेणें दान दिलें. नवरा शेतकरी, पण दान तिचें आणि नांवहि तिचें. आज सातबाऱ्यावर बायकोचें नांव चढवावयाचें म्हटलें तर ज्यांच्या कपाळाला आंठ्या पडतात, त्यांनीं एकदां शेलारवाडीला जाऊन यावें.

आणखी एक दाखला देतों, तो हिशेबाचा आहे. नाशिकच्या लेण्यांत राजा नहपान ह्याचा जांवई उषवदात ह्याचा लेख आहे. त्यानें भिक्षूंसाठीं 3000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे? सावकाराकडे नव्हे, सरदाराकडे नव्हे. विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेंत कोष्टी-साळ्यांच्या संघांकडे! 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा 1 व्याजानें, आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच वापरावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज 240 होतें. त्यांतून 20 भिक्षूंना वस्त्रासाठीं प्रत्येकीं 12 द्यावयाचे. बारा विसें दोनशें चाळीस. हिशेब चोख आहे. त्याच ठिकाणीं पुढच्या काळांतला दुसरा एक लेख आहे. त्यांत आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं कुंभारांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे ठेविलेल्या ठेवींची नोंद आहे. राजाच्या जांवयानें पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव ज्यांच्या हातीं विश्वासानें दिली, ते विणकर होते. आज बँकेच्या दारांत कर्जासाठीं ताटकळत उभ्या राहणाऱ्या विणकरानें हें मुलांना अवश्य सांगावें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. कल्याणचा तो लोहार म्हणजे तुमचा खापरपणजा, असें आम्ही म्हणत नाहीं. रक्ताचें नातें सांगावयाला आमच्याजवळ पुरावा नाहीं, आणि पुराव्याशिवाय वंशावळी रचण्याचा धंदा आमचा नव्हे. आम्ही हाताचें नातें सांगतों. भट्टी, ऐरण आणि घण ज्याच्या हातीं आहे, त्याचा तो नंद नातलगच आहे. आणि तेंहि जग सर्व बाजूंनीं गोड होतें, असेंहि कोणी समजूं नये. ज्या पाथरवटांनीं प्रत्यक्ष डोंगर फोडला त्यांतल्या बहुतेकांचीं नांवें त्यांच्याबरोबरच गेलीं. पण कारागिराचें नांव दगडावर येऊं शकत होतें, एवढें तर निश्चित आहे. रायगडावरहि तेंच पाहा. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर नांव कोणाचें आहे? गड बांधून काढणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचें.

आतां डोंगरावरून शहरांत चला. भायखळ्याला राणीच्या बागेंत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानाला लागून, मुंबईचें सर्वांत जुनें वस्तुसंग्रहालय आहे. संग्रह 1857 पासूनचा. आजची इमारत लोकांसाठीं उघडली ती 1872 सालीं. तेव्हां नांव होतें व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट ह्यांचें. 1975 सालापासून नांव आहे डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें. हे मोठे वैद्य तर होतेच, पण जुने शिलालेख मिळवून वाचण्याचा त्यांना ध्यास होता. त्या संग्रहालयांत मातीचे लहान लहान सुबक पुतळे आहेत: निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या पोशाखांचे, निरनिराळे धंदे करणाऱ्या लोकांचे. काम इतकें बारीक आहे कीं पागोट्याची घडी मोजून घ्यावी. मुलांना तें फार आवडेल, अवश्य दाखवा.

पण दाखवितांना आपले तीन प्रश्न विसरूं नका. हा धंदा करणारा जो पुतळा आहे, त्याचें नांव काय? त्याला नांव नाहीं! त्याच्याजवळ धंदा लिहिलेला आहे, जात लिहिलेली आहे, माणूस लिहिलेला नाहीं. सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं लोहार हा 'कल्याणचा नंद' होता. पुढें कांचेच्या कपाटांत आला तेव्हां तो नुसता एक नमुना झाला. मंडळी, आजच्या व्याख्यानांत दुसरें सगळें विसरलां तरी चालेल, एवढें विसरूं नका. माणसाचा नमुना कसा होतो, तें भायखळ्याला पाहा. आणि नमुना होण्यापूर्वीं तो कोण होता, तें कान्हेरीला पाहा. दोन्ही पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाहीं.

आम्ही त्या संग्रहालयाला दोष देतों असें समजूं नका. त्यांनीं जपलें म्हणून तें आज दिसतें आहे. त्या काळच्या राज्यकर्त्यांना येथला कारागीर हा नमुना म्हणूनच हवा होता. ह्याचा सर्वांत बोलका पुरावा पुतळ्यांत नाहीं, कापडांत आहे. 1866 सालीं लंडनच्या इंडिया म्युझियमचे फोर्ब्स वॉटसन ह्यांनीं हिंदुस्थानांतल्या कापडाचे 700 तुकडे प्रत्यक्ष कापून 18 ग्रंथांत चिकटवून घेतले: लुगडीं, धोतरें, पागोटीं, सगळें. असे 20 संच केले. त्यांपैकीं 13 विलायतेंतल्या गांवांना दिले आणि 7 हिंदुस्थानांत पाठविले. कशासाठीं? तेथल्या गिरणीवाल्यांनीं तुकडे पाहावे, हात लावून पाहावे, आणि इथल्या बाजारांत खपेल असा माल काढावा म्हणून. हातमाग बुडण्याचीं कारणें पुष्कळ आहेत, सगळा भार आम्ही ह्या 18 ग्रंथांवर टाकीत नाहीं. पण सुरुवातीचा तो रोजाचा प्रश्न आठवा. विलायतेच्या गिरणीवाल्यानें आमच्या कोष्ट्याचें लुगडें पाहणें हें पैसा खर्च करण्याजोगें काम समजलें. आणि आमचा कोष्टी म्हणतो, पाहावयास गेलों तर रोज बुडतो!

हेंच त्या गृहस्थांना आमचें रोकडें उत्तर. आमच्या सुतारानें कोंडिविट्याच्या जाळीचा नमुना खिशांतल्या वहींत उतरून घेतला. पुढें एका गिऱ्हाइकाच्या देवघराला त्यानें तीच जाळी केली. गेलेला रोज व्याजासकट परत आला. तसा तो प्रत्येक वेळीं येईल, असें खोटें आश्वासन आम्ही देत नाहीं. पण ज्याच्या डोळ्यांपुढें चांगलें काम कधीं आलेंच नाहीं, त्याला गिऱ्हाईक सांगेल तेवढेंच येतें. तो जन्मभर दुसऱ्याच्या नकाशाचा चाकर राहतो. आपल्या धंद्याची जुनी कृति पाहणें हा रिकामपणाचा छंद नव्हे. तें शिक्षण आहे, आणि त्याला सालाची फी नाहीं.

आतां थोडें कटु बोलणें भाग आहे. पार्ल्याहून दोन स्टेशनें पुढें जोगेश्वरीचें लेणें आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराचें, शिवाचें, आणि फार मोठें. आंत देवीची पूजा आजहि चालते. त्या लेण्याच्या माथ्यावर आणि भोंवतीं वस्ती वाढली, सांडपाणी खडकांतून आंत झिरपूं लागलें, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. जो गरीब माणूस डोकें टेकावयास जागा शोधीत तेथें आला त्याला चोर म्हणणें आम्हांला मान्य नाहीं. त्याला दुसरें घर देणें हें सरकारचें काम आहे. पण आपणहि एवढें जाणलें पाहिजे, कीं त्या छताखालीं जो घाम जिरला आहे तो आपल्यासारख्याच हातांचा आहे. परका वारसा असता तर परक्यांनीं राखावा, असें म्हणतां आलें असतें. हा तर आपलाच आहे.

तसेंच आपल्या तरुणांना सांगा. लेण्याच्या भिंतीवर खिळ्यानें स्वतःचें आणि मैत्रिणीचें नांव ओरखडून येणें हें शौर्य नव्हे. त्या भिंतीवर नांव लिहिण्याचा मान ज्यांनीं मिळविला त्यांनीं आधीं टांकें दिलें, वाट दिली. नांव कोरावयाचें असेल तर आधीं कांहीं देऊन कोरावें.

आणि नांवें लिहिण्याचें काम आपण घरींच सुरू करूं शकतों. ह्याच पार्ल्यांत 1929 सालीं उभा राहिलेला बिस्किटांचा कारखाना 2016 सालीं बंद झाला. त्याचा गोड वास स्टेशनांत उतरणाऱ्या प्रत्येकाला आठवतो. त्या भट्टीपुढें ज्यांचे आजोबा, वडील, आई उभीं राहिलीं, त्यांनीं तीं नांवें, तें काम, तीं वर्षें एका वहींत लिहून ठेवावीं. आजोबांचा वाकस, आजीची पाटी, बापाचें शिवणयंत्र भंगारवाल्याला देण्यापूर्वीं एक कागद त्याला बांधा: हें कोणाचें, त्यानें ह्यानें काय काय केलें, कोणत्या सालापर्यंत. उद्यां एखाद्या संग्रहालयानें तें मागितलें तर कागदासकट द्या. कागद काढून देऊं नका. म्हणजे आपल्या माणसाचा पुन्हां नमुना होणार नाहीं.

बोलणें पुरें झालें, आतां कामाचें. येत्या रविवारीं सकाळीं सात वाजतां पार्लें स्टेशनच्या पूर्वेस जमावयाचें. पहिल्यानें कोंडिविटें, तें अर्ध्या दिवसांत होतें. त्यापुढच्या महिन्यांत कान्हेरी. कान्हेरी सोमवारीं बंद असते, हें रात्रपाळीवाल्यांनीं ध्यानांत ठेवावें. भायखळ्याला निघण्यापूर्वीं संग्रहालय उघडें आहे कीं नाहीं, ह्याची चौकशी आम्ही करून ठेवूं. बायकांना आणि मुलांना बरोबर आणा. सिअगुतणिकेची गोष्ट त्यांनींच ऐकावयाची आहे. भाकरी, पाणी, एक वही आणि एक पेन्सिल, एवढेंच सामान. दारावर कोणी चपलांकडे पाहिलें तर पाहूं द्या. तिकीट काढा आणि पुढच्या दारानें आंत जा.